ओतून द्यायचं पाणी

आजाऱ्याला भेटायला जाताना आपल्याकडे शहाळं नेतात. स्टेशनबाहेर दोन शहाळी घ्यायची, पिशवीचे बंद बोटांना कापत असताना तीन जिने चढायचे आणि दारातच म्हणायचं, "काही नाही हो, नुसतं पाणी तर आहे." माझ्या वडिलांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या आणि ते नुसतं पाणी त्यांचा जीव घेऊ शकत होतं.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, बाबांची टाकत नव्हती. ते रक्तात साठत राहिलं तर हृदय मध्येच थांबतं, कुणाला हाक मारायलाही वेळ न देता. ठाण्याच्या डॉक्टरांनी हे आमच्यासमोर सरळ सांगितलं. किडन्या परत यायच्या नाहीत. पण खाणं सांभाळलं, पोटॅशियम खाली ठेवलं, तर डायलिसिस बराच काळ लांब ठेवता येईल. नाहीतर नाही. "गोळ्या मी देतो," ते म्हणाले, "बाकीचं तुमच्या स्वयंपाकघरात आहे."

बाबांचा कंपनीतला एक सोबती डायलिसिसवर होता. बाबा त्याला कल्याणला भेटून आले होते. तिथून आल्यावर बराच वेळ गॅलरीत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मला तिथे जितक्या उशिरा न्याल तितकं बरं." आम्ही त्यानंतर जे काही केलं ते त्या एका वाक्यासाठी.

मी पहिलं काम केलं ते दारावर कागद चिकटवायचं. 'आजाऱ्यासाठी शहाळी, केळी, मोसंबी, कसलाही रस आणू नये. प्रेम असल्यास रिकाम्या हाताने यावे.' समोरच्या काकूंनी चष्मा लावून तो वाचला.

"हे गं काय? आम्ही काय विष घेऊन येतो का?"

"हो काकू."

"अगं, माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत शहाळ्याचंच पाणी दिलं आम्ही."

"तेच म्हणतेय मी."

आतून बाबा ओरडले, "काकूंना आत घे आणि शहाळं बाहेर ठेव!" मग काकू बसल्यावर त्यांना म्हणाले, "तसंही ते पत्रक बेकायदेशीर आहे. खाली छापणाऱ्याचं नाव नाही."

काकूंना विनोद कळला नाही. आमच्या घराबाहेर तो कुणालाच कळला नसता.

बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. ती कंपनी आता नाही, तिथे गोदाम आहे. बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या ठाकुर्लीच्या खोलीत गोष्टीची पुस्तकं नव्हती, मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. छापखान्यातून गठ्ठे यायचे, शाई अजून ओली असायची, आणि आम्ही जेवणं उरकून त्याच जागेवर बसून घड्या घालायचो. आईच्या घड्या सगळ्यात सरळ. ती घालता घालता प्रत्येक ओळ वाचायची, ओठ हलवत, आणि काही चुकलेलं दिसलं तर म्हणायची, "अहो, इथे 'आम्ही'च्या ऐवजी 'आपण' घाला. 'आम्ही' म्हटलं की वाटतं तुम्ही वेगळे." बाबा पुढच्या वेळी बदलायचे. बाबांनी मला शिकवलं होतं की कुठलाही कागद हातात आला की आधी तळाशी बघायचं, छापलाय कुणी. मग विचारायचं, कुणासाठी. मजकूर सगळ्यात शेवटी.

त्यामुळे आजार आल्यावर मी आधी छापणारा शोधला. डॉक्टरांना विचारलं, "रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं काढली त्यांनी. हातांवर, नाकातोंडात रसायनं. त्यामुळेच ना हे?" डॉक्टर चांगले होते, उडवून लावलं नाही. म्हणाले, "असू शकेल. नसूही शकेल. बीपी जुनं आहे, गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं पेनकिलर घेतल्यात. मी कागदावर बीपी लिहिणार." मला त्यांचा राग आला. मला नाव हवं होतं, ज्याच्याविरुद्ध लिहिता येईल असं. त्यांनी मला रक्तदाब दिला.

आहारतज्ज्ञाची खोली त्याच मजल्यावर होती. माझ्याहूनही लहान मुलगी. तिने एक गुळगुळीत कागद पुढे केला. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, किडनीसाठी चांगलं खा. खाली ब्रोकोली, लाल ढोबळी मिरची, ऑलिव्ह तेल, आणि हसणारं एक गोरं जोडपं, हातात वाडगे घेतलेलं. मी तळाशी बघितलं. औषध कंपनी.

"घरी स्वयंपाक कोण करतं?" तिने विचारलं.

"आई."

"मग त्या का नाही आल्या?"

बाबा म्हणाले, "तिचे पाय दुखतात." ते खरंही होतं. त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांपैकी कुणीही त्या घरातली भाजी शिजवणार नव्हतं. मुलीने नीट समजावलं, तिला दोष नाही. मीठ मोजून. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. नारळ बंद, टोमॅटो बंद, पालेभाज्या शक्यतो बंद. डाळ अगदी थोडी. भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी टाकायचं, भरपूर पाण्यात उकडायची, तेही पाणी टाकायचं आणि मग फोडणी द्यायची. पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर जातं.

घरी येऊन मी त्याचं मराठी पत्रक केलं. सोळा मुद्दे, ठळक अक्षरात. फ्रिजवर लावलं. आईने ओठ हलवत ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, "मग यांनी खायचं काय?"

हा प्रश्न त्या घरात पुढे रोज विचारला गेला. बाबा कोकणातले. नारळाशिवाय त्यांना जेवण म्हणजे शिक्षा. सोलकढी गेली, अळूचं फदफदं गेलं, सुकट गेली. आई घाटावरची, तिने लग्नानंतर नारळ वाटायला शिकून घेतलं होतं, ते हात आता मोकळे झाले. दोनदा पाणी काढलेला दुधी, कोबी, घेवडा. दिसायला भाजी, चवीला ओला कागद. बाबा पहिला घास घेऊन म्हणायचे, "छान आहे. कुठली भाजी होती ही?"

"घेवडा," आई म्हणायची.

"देव त्याला सद्गती देवो."

आई हसायची नाही. ती त्यांच्या गालांकडे बघायची. गाल खरंच बसले होते. चांगलं खा म्हणणाऱ्या कागदावर भुकेबद्दल एक शब्द नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर माणसाला खायला घालून उभं ठेवलं, तिला आता त्याच माणसाला कमी खायला घालून जगवायचं होतं, आणि ते तिला सांगितलं होतं फ्रिजवरच्या सोळा मुद्द्यांनी. बाबा भाजी टाकायचे, पण पोळ्या खायचे. पोळ्या बऱ्या लागतात म्हणायचे. आई एक जास्तच वाढायची.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम वर होतं. डॉक्टरांनी बीपीची एक गोळी बदलली, तिच्यामुळेही वाढतं म्हणाले. पोटॅशियम उतरवायची एक पावडर दिली, ओली वाळू खाल्ल्यासारखी. त्याच्या पुढच्या तपासणीत आकडा आणखी वर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काका, खरं सांगा. बाहेर काही खाता?"

"डॉक्टर, मी आयुष्यात एकच चोरी केली. कंपनीच्या कागदावर कंपनीविरुद्ध लिहिलं."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "मग असं करू. हातात फिस्टुला करून ठेवू. डायलिसिससाठी नस तयार व्हायला वेळ लागतो. पुढचा रिपोर्टही असाच आला तर मला भरती करून घ्यावं लागेल." घरी येईपर्यंत बाबा आपल्या डाव्या मनगटाकडे बघत होते, घड्याळ हरवल्यासारखं.

मी घरात चोर शोधायला लागले. बाबांच्या शर्टांचे खिसे बघितले. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "काका? ते नुसते बोलून जातात." मोहनेहून आत्या आली होती, तिची पिशवी मी तिच्यासमोर उघडली. वर्तमानपत्रात बांधलेली सुकट निघाली.

"हे काय आहे आत्या?"

"माझ्यासाठी आहे."

"तू इथे दोन तास बसणार. दोन तासांत तुला सुकट लागते?"

"अगो, माझो भाऊस असा तो!" आत्या तिच्या मालवणी बोलीवर आली. "तेका उपाशी मारून तुमका काय गावतला?" मग आईकडे वळली. "वयनी, तू तरी सांग हिका."

आई म्हणाली, "मी काय सांगू? इथे कागद बोलतो." आणि आत निघून गेली. मला तेव्हा वाटलं ती माझी बाजू घेतेय.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चाळणीत उकडलेला दुधी आणि घेवडा निथळत होता. चाळणीखाली पातेलं, त्यात हिरवट पाणी. आई खाली परात घेऊन बसली होती, परातीत कणीक. तिने हात वर करून पातेलं उचललं आणि बेताने, कणकेच्या मधल्या खड्ड्यात, त्यातलं पाणी ओतलं.

"आई, हे कुठलं पाणी?"

"भाजीचं."

"ते टाकायचं होतं ना?"

"काढलं की भाजीतून. थेंब नाही ठेवला. बघ, चोथा झालाय नुसता."

"मग हे कणकेत काय करतंय?"

"त्यात कणीक मळतेय. काय प्रश्न आहे?" तिने मळायला सुरुवात केली.

"रोज घालतेस?"

"आज घालतेय का मी? तू एवढीशी होतीस तेव्हापासून घालते. डाळीचं वरचं पाणी, भाजीचं पाणी. कंपनीला टाळं लागलं तेव्हा तुझ्या पोटात काय जात होतं असं वाटतं तुला? भाजी एवढीशी, आजी-आजोबा धरून खाणारी तोंडं पाच. भाजी कुणाच्या वाट्याला येवो न येवो, पोळीतून सगळ्यांना जायचं."

"आई, त्यांना तेच विष आहे! सगळं त्या पाण्यात उतरतं, म्हणून तर टाकायचं!"

"विष काय?" आई चिडली. "फ्रिजवर लिहिलंयस पाणी टाका. भाजीचा उग्रपणा जावा म्हणून असेल, घालवला मी. पण कस कुठे जातो? माणूस वाळत चाललाय डोळ्यांदेखत, आणि मी सगळा कस मोरीत ओतू? आणि हे मी माझ्या मनाचं करत नाही. छापलंय. तुझ्या बापानंच छापलंय."

आणि मळता मळता तिने ते म्हणून दाखवलं. टाळेबंदीतलं पत्रक, कामगारांच्या घरच्या बायकांसाठी काढलेलं, घड्या घालताना वाचलेलं. तिला ते तसंच्या तसं पाठ होतं. "भगिनींनो, भाज्यांचे व डाळीचे पाणी फेकू नका. अन्नाचा खरा कस त्यातच असतो. कणीक त्याच पाण्यात मळा. मालकाने आपले वेतन रोखले आहे, आपल्या मुलांची ताकद आपण रोखू द्यायची नाही."

बाबा दारात उभे होते. कधीपासून, माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आठवण्याचा प्रयत्न होता आणि मग ते आठवलं होतं.

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले. "कुठेतरी वाचून. बरोबर होतं ते." मग म्हणाले, "तेव्हा बरोबर होतं."

आईचे हात थांबले. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे हे वाढतंय ते... पोळीमुळे?"

"नाही गं," बाबा लगेच म्हणाले. "गोळ्यांनी पण वाढतं. डॉक्टरच म्हणाले."

"हो आई," मी म्हणाले. "पोळीमुळेच."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं टाळेबंदीत कंपनीच्या गेटवर पोलिसांकडे बघायचे. पण मी सांगितलं, आणि आजही मला वाटतं की सांगायलाच हवं होतं. गोळीवर ढकललं असतं तर ते पाणी उद्या आमटीत गेलं असतं. ज्याचा जीव त्या पाण्यावर टांगलाय त्याच्यासाठी खरं अर्धं सांगून चालत नाही. हेच मला शिकवलं गेलं होतं, त्याच घरात, त्याच माणसाकडून.

आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. परात उचलली आणि सगळी कणीक कचऱ्याच्या डब्यात टाकली. आईला अन्न टाकताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. टाळेबंदीच्या दिवसांत ती तव्याला चिकटलेलं पीठ खरवडून खायची. तिने बोटांना लागलेली कणीकसुद्धा नळाखाली धुतली, नखांतून काढून.

ती बाहेर गेल्यावर बाबा मला म्हणाले, "बरोबर बोललीस. अगदी पत्रकासारखी बोललीस." ते कौतुक नव्हतं.

"मग काय करायचं होतं? तुमचं पाणी बरोबर होतं म्हणून सांगायचं?"

"मी लिहिलं आणि विसरलो," बाबा म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दुसरं लिहिलं, मग तिसरं. मला वाटायचं लोक एका हाताने घेतात आणि दुसऱ्या हाताने टाकतात. इतकी वर्षं ती एक ओळ कुणीतरी पाळत होतं, ते माझ्याच घरात. मला माहीतच नव्हतं." मग म्हणाले, "आता मला ती ओळ मागे घ्यायची होती, तर तूच घेतलीस. माझ्यासाठी थांबायचं होतंस."

पुढच्या तपासणीत पोटॅशियम उतरलं. पूर्ण नाही, पण इतकं की डॉक्टरांनी भरतीचा विषय बाजूला ठेवला. म्हणाले, "फिस्टुलाचंही आत्ता नको, बघू पुढे. काय बदललंत?"

"एक जुनं पत्रक मागे घेतलं," बाबा म्हणाले.

मी जिन्यातूनच आईला फोन लावला. मला वाटलं होतं ती रडेल, देवापुढे साखर ठेवेल, काहीतरी. पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"आई? ऐकलंस ना? खाली आलं. वाचलो आपण."

"ऐकलं," ती म्हणाली. "म्हणजे खरंच माझ्याच हातानं होत होतं."

रिपोर्टच्या ज्या कागदाने बाबांना सोडवलं त्यानेच तिच्यावर ठपका ठेवला. कंपनीच्या मालकावर तो कधीच आला नाही, रसायनांवर आला नाही, हसणाऱ्या गोऱ्या जोडप्याच्या कागदावर आला नाही. त्या सगळ्यांसाठी "असू शकेल, नसूही शकेल." सबळ पुरावा मिळाला तो फक्त त्या बाईविरुद्ध, जिने घरातल्या पाच माणसांना टाळेबंदीतून पोळ्यांवर बाहेर काढलं.

मी नवं पत्रक लिहिलंय, किडनीच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी. त्यात स्वयंपाक करणाऱ्या माणसालाच दवाखान्यात न्या, हे पहिलं आहे. भाजीचं पाणी कणकेत, आमटीत, कशातच वापरू नका आणि का नको, हे दुसरं. खाली छापखान्याचं नाव आहे. पहिली प्रत आईला दिली. घड्या घालायला बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "ठेव तिथे. मी आता छापलेलं वाचत नाही."

बाबा ठीक आहेत. जेवतात. आता पोळीही चवीला कागदच झालीय, पण ते बोलत नाहीत, विनोदही करत नाहीत. भाजीला सद्गती मिळत नाही. जेवण होईपर्यंत तिघंही ताटात बघतो.

आणि रोज सकाळी, भाजी उकडून झाली की आई स्वयंपाकघरातून हाक मारते. मी कामाला निघालेली असले, चप्पल पायात असली, तरी.

"ये गं. बघून जा."

"आई, मला बघायची गरज नाही."

"नाही, ये. नंतर कुणी म्हणायला नको."

मी चप्पल काढून जाऊन उभी राहते. ती पातेलं मोरीत उलटं करते. हिरवट पाणी जाळीतून गुरगुरत खाली जातं. ती पातेलं तसंच उलटं धरून ठेवते, शेवटचा थेंब पडेपर्यंत, आणि पातेल्याकडे नाही, माझ्याकडे बघत विचारते, "झालं?"

"झालं," मी म्हणते. मग ती नळ सोडून साधं पाणी घेते आणि कणीक मळायला बसते.